हार्डली म्हणजे किती

भाताला वाफ आली होती. झाकणावरचा दगड काढायला लीलाबाई वाकली तेवढ्यात कमरेला खोचलेला मोबाईल एकदाच वाजला आणि गप्प झाला.

फोन नव्हता, मेसेज होता. तिने ओला हात लुगड्याला पुसला आणि मोबाईल डोळ्यांजवळ धरला. इंग्रजी अक्षरं होती. नंबर मात्र ओळखीचा होता, रत्नमालाने तामिळनाडूला कामाला जाताना भरून दिलेला. होस्टेलच्या वॉर्डनबाईंचा. काही लागलं-सवरलं तर याच नंबरावर फोन कर, असं तिने आईला बजावलं होतं. वर्ष होत आलं तरी त्या नंबरावरून कधी काही आलं नव्हतं. इंग्रजी वाचता येत नसलं तरी लेकीचं नाव त्या अक्षरांत कसं दिसतं हे लीलाबाईला माहीत होतं. पोरीच्या सर्टिफिकिटावर तिने ते कितीदा पाहिलं होतं. मेसेजात ते नाव होतं.

बपेऱ्याच्या शाळेत ती मुलांचा दुपारचा भात शिजवायची. सोबत शकुंतलाबाई असे. शकुंतलाबाईने तिचा चेहरा पाहिला आणि हातातला पळा खाली ठेवला.

चौथीच्या वर्गावर मनिष सर होते, भंडाऱ्याहून मोटारसायकलने येणारे तरणे मास्तर. लीलाबाई वर्गाच्या दारात उभी राहिली. आत जायची तिला सवय नव्हती. सर बाहेर आले आणि त्यांनी मेसेज आधी मनात वाचला, मग मोठ्याने.

"बस ॲक्सिडेंट. रत्नमाला हार्डली हर्ट. हॉस्पिटल. विल कॉल."

बस, ॲक्सिडेंट, हॉस्पिटल. हे शब्द कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, ते तिचेच झाले होते. हर्ट म्हणजे लागणं, एवढं सरांनी सांगितलं. मधला एक शब्द तेवढा राहिला.

"हार्डली म्हंजे काय जी?"

"हार्ड म्हणजे कठीण. जोराचं," सर म्हणाले. "हार्डली म्हणजे... जोरात."

बोलून गेल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने स्वतःचा मोबाईल काढला. थांबा, यात मराठी करून मिळतं, असं म्हणत त्यांनी शब्द टाकले. मोबाईलने मराठी करून दिली: रत्नमालाला क्वचितच दुखापत झाली आहे. ते वाक्य सरांनी दोनदा वाचलं. क्वचित म्हणजे कधी कधी. बसच्या ॲक्सिडेंटमध्ये माणसाला कधी कधी कसं लागेल? लीलाबाईच्या कानात 'जोरात' एवढंच राहिलं होतं.

रत्नमालाचा फोन बंद होता. वॉर्डनबाईंचा वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. कारध्याची रिता त्याच होस्टेलात राहायची, पण तिची पाळी सकाळची. कंपनीच्या गेटवर पोरींचे मोबाईल जमा करून घेतात आणि पाळी सुटल्यावरच परत देतात, हे रत्नमालाने सांगितलेलं होतं. लीलाबाईने तरीही तिघींचे नंबर आळीपाळीने लावले. मग ती चुलीकडे परत आली आणि भात परातीत काढू लागली.

तिचं नेहमी असंच व्हायचं. भीती मनात शिरली की हात जास्त काम करत. नवरा आनंदराव तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती वाहायचा. पावसाळ्यात तो वेळेवर आला नाही की ती घरातली धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. मोहफुलं वेचायला बाया रानात गेल्या आणि कोणी अस्वल पाहिल्याचं बोललं, तर ती न बोलता सगळ्यांच्या पुढे जाऊन भराभरा वेचून मोकळी व्हायची. ती भित्री आहे असं गावात कोणी म्हणत नसे. कोणाला कळलंच नाही असं तिला वाटायचं, आणि त्या वाटण्यावरच तिचा अर्धा धीर उभा होता.

शकुंतलाबाईने तिच्या हातातून परात काढून घेतली. "तू जाय वं," ती म्हणाली. "पोरायले मी वाढतो."

सिहोऱ्याला श्यामराव गुरुजी आहेत, हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलंय त्यांनी, त्यांना नक्की कळेल, असं मनिष सर म्हणाले. हेडमास्तरांना सांगून त्यांनी मोटारसायकल काढली. निघण्याआधी लीलाबाईने नवऱ्याला फोन लावला. मिलच्या घरघरीत त्याला काही ऐकू येईना. ती 'रत्ना, रत्ना' म्हणत राहिली आणि शेवटी 'सिहोऱ्याले या, श्यामराव गुरुजीकडे' एवढंच त्याच्यापर्यंत पोहोचलं.

रस्त्याने दोन्ही बाजूंना धान कापणीला आलं होतं. लीलाबाई मागच्या सीटवर एका अंगाने बसली होती आणि तिला पोरीच्या जाण्याचा दिवस आठवत होता. भंडाऱ्याला शिलाईचं ट्रेनिंग झालं, तिकडे तामिळनाडूत कपड्याच्या कंपनीत जागा आहे असं सांगत रत्नमाला नाचत घरी आली होती. लीलाबाई नको म्हणाली. तिकडची बोली येत नाही, जेवण वेगळं, कोणी ओळखीचं नाही. नुसती बोलत होती ती, खरं कारण निराळंच होतं. पोरगी नजरेआड गेली की काय काय होऊ शकतं ते सगळं तिला एकदम दिसायला लागलं होतं. आनंदराव भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत म्हणाला होता, आपल्या आज्यानं गाव सोडलं नाई, बापानं तालुका सोडला नाई, पोरगी जाते तं जाऊ दे. मग लीलाबाईने पोरीसाठी चिवडा केला. इतका केला की पिशवीत मावेना.

श्यामराव गुरुजी अंगणात खाटेवर लाखोळीची डाळ वाळत घालत होते. त्यांनी चष्मा लावून मेसेज वाचला आणि लगेच हसले.

"काही झालं नाही, बाई. बसा. पाणी आणायला सांगतो."

"जोरात लागलं म्हन्ते ना जी?"

"जोरात नाही. उलट. हार्ड म्हणजे जोरात, कबूल. पण त्याच्यापुढे 'ली' लागलं की शब्द फिरतो. हार्डली म्हणजे जेमतेम. नाहीच म्हणा ना. ही वर्क्स हार्ड म्हटलं तर माणूस मर मर काम करतो. ही हार्डली वर्क्स म्हटलं तर हातपायसुद्धा हलवत नाही. हार्डली हर्ट म्हणजे लागलंच नाही म्हणण्याइतकं लागलं. खरचटलं असेल कुठे."

मनिष सर मान खाली घालून, चुकलं माझं, असं पुटपुटले. गुरुजींनी त्यांना हाताने थांबवलं. रत्नमाला माझ्या शेवटच्या वर्गातली ना, खिडकीजवळ बसायची ती, असं ते विचारत होते. लीलाबाई खाटेच्या कडेवर बसून पाणी प्यायली. लागलंच नाही म्हणण्याइतकं. ते तिने मनात दोनदा म्हणून पाहिलं. गुरुजींच्या पाया पडून ती उठली. मनिष सर मोटारसायकल फाटकाबाहेर नेत होते. तिनेही दोन पावलं टाकली आणि फाटकाच्या फळीवर हात ठेवून थांबली.

"गुरुजी, लागलं नाई तं दवाखान्यात काहून?"

तपासायला नेलं असेल, बसमधल्या सगळ्यांनाच नेतात, असं गुरुजी म्हणाले. तिने मान हलवली, पण फाटक सोडलं नाही.

"आन् थे लिवनारी बाई. तिले मालूम असंन का जी?"

"काय?"

"तुमी सांगतलं थे. हार्डलीचं."

गुरुजी खाटेवर बसले, डाळीवरच बसले. हा एक शब्द त्यांनी किती वर्गांना शिकवला होता, आणि दर वर्षी उत्तरपत्रिकांत पोरांनी तो उलटाच लिहिला होता. माझे वडील हार्डली काम करतात. आम्ही परीक्षेसाठी हार्डली अभ्यास केला. त्यांनी लाल पेनाने तो शब्द खोडला होता, समजावलं होतं, पुन्हा खोडला होता. पोरंच कशाला, शेजारच्या वर्गातले मास्तरही चुकायचे. आणि आता हे लिहिणारी तिकडची एक वॉर्डनबाई. तिचं इंग्रजी कोणी, कधी, किती तपासलं होतं? शब्दाचा अर्थ त्यांना माहीत होता. तिला काय म्हणायचं होतं, ते त्यांना माहीत नव्हतं. ते सांगायला कुठलाच शब्दकोश उपयोगाचा नव्हता.

"तुमचा फोन द्या," ते म्हणाले.

वॉर्डनबाईंचा फोन वाजत राहिला. गुरुजींनी पुन्हा लावला. आनंदराव सायकलवरून आला, तुमसरहून जे वाहन मिळालं त्याने सिहोऱ्यापर्यंत आणि पुढे कोणाची तरी सायकल घेऊन. त्याच्या केसांत आणि भुवयांत मिलमधला भाताचा कोंडा होता. त्याला मनिष सरांनी बाजूला नेऊन काय झालं ते सांगितलं. तो फाटकाशी बायकोच्या शेजारी उभा राहिला. कितव्यांदा कोण जाणे, फोन लावला आणि पलीकडून आवाज आला. गुरुजींनी स्पीकर चालू केला.

बाईंच्या मागे खूप गलका होता. कोणीतरी रडत होतं. गुरुजींनी हळूहळू, वर्गात बोलत तसं एकेक शब्द सुटा करून, आपण कोण ते सांगितलं. रत्नमालाची आई इथे आहे. पोरगी कशी आहे?

"हार्डली हर्ट, सर," बाई म्हणाल्या. "टेल मदर. हार्डली, हार्डली."

पाठ केलेलं म्हणावं तशा त्या म्हणत होत्या. आनंदरावच्या तोंडावर आशा दिसली. गुरुजींच्या तोंडावर नाही. त्यांनी विचारलं, बॅडली लागलंय का?

"नो बॅडली, सर. व्हेरी गुड गर्ल."

गुरुजींनी डोळे मिटले. मग त्यांनी सगळं व्याकरण बाजूला ठेवलं आणि लहान पोराला विचारावं तसा एकच शब्द विचारला. "वॉकिंग?"

पलीकडचा गलका तेवढा ऐकू येत राहिला.

"नो वॉकिंग, सर," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. "लेग. ऑपरेशन नाऊ. मदर कम. प्लीज, मदर कम."

लीलाबाई गुरुजींच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी चष्मा काढला आणि आता तिला कसं सांगावं याची जुळवाजुळव ते करू लागले. पण तोवर तिने पदर खोचला होता. मदर, ऑपरेशन. हे शब्द तिला येत होते.

तिकीट मनिष सरांनी मोबाईलवरून काढलं. तुमसर रोडहून नागपूर, नागपूरहून पुढे दक्षिणेकडची गाडी. घरी जाऊन कपडे घ्यायला लीलाबाई तयार नव्हती. गुरुजींच्या सुनेने दोन लुगडी आणि भाकरी बांधून दिली. गाडीत बसल्यावर लीलाबाईजवळ करायला कामच उरलं नाही आणि भीती मोकळी सुटली. समोरच्या बाईच्या लहान मुलाचे पाय सीटवरून लोंबकळत होते. लीलाबाई खिडकीकडे तोंड करून बसली.

नागपूरच्या फलाटावर रिताचा फोन आला. पाळी सुटली होती आणि ती दवाखान्यातूनच बोलत होती. पोरगी रडत होती, पण तिने काही झाकलं नाही.

"जिवाले धोका नाई, काकू. डॉक्टरनं मले स्वतः सांगतलं. पन पाय नाई वाचला. उजवा, घुटन्याखालून काढला."

बस वळणावर उलटली होती आणि रत्नमालाचा पाय सीटच्या लोखंडाखाली सापडला होता. लीलाबाईने ऐकून घेतलं. मग तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि फलाटावरच खाली बसली. आनंदरावने रिताला पुन्हा पुन्हा तेच विचारलं, आणि पुन्हा पुन्हा त्याला तेच उत्तर मिळालं.

पुढच्या प्रवासात लीलाबाईच्या डोक्यात तो शब्दच फिरत राहिला. पायाचा विचार करायची अजून हिंमत नव्हती, म्हणून असेल. त्या बाईने असं का लिहिलं? येत नव्हतं तर लिहायचं कशाला? अंगणात खाटेवर बसून पाणी पिताना आपल्याला बरं वाटलं होतं, आणि तेव्हा तिकडे पोरीचा पाय कापायला घेत होते. हे तिला सहन होईना. त्या बाईला काय विचारायचं ते वाक्य तिने मनात तयार केलं. रितालाच त्यांच्या भाषेत करून सांगायला लावायचं ठरवलं. गाडी पोहोचेपर्यंत तिने त्यातला एकेक शब्द घासून ठेवला.

दवाखान्यात रत्नमाला भिंतीकडच्या खाटेवर होती. चेहरा सुजलेला, ओठ फुटलेला, पण चेहरा तोच होता. लीलाबाईने आधी कपाळाला हात लावला, मग गालाला, मग दोन्ही हातांना, बोटांना. चादरीखाली तिने पाहिलं नाही. आनंदराव पायथ्याशी उभा राहिला आणि थोड्या वेळाने बाहेर निघून गेला.

खाटेच्या पलीकडे स्टुलावर एक बाई बसली होती. पन्नाशीची, सावळी, कपाळावर पट्टी, एक हात गळ्यात बांधलेला. साडीवर वाळलेले डाग होते. ती उठून उभी राहिली. हीच वॉर्डनबाई, असं रिता हळूच म्हणाली. ती बसमध्येच होती.

लीलाबाईने ते वाक्य काढलं. "इले विचार, रिता. थे असं काहून लिवलं म्हनावं?"

रिता बोलायच्या आधी खाटेवरून आवाज आला. जड, औषधाच्या गुंगीतला.

"तिले नको बोलू, आई. थे माहे शब्द आहेत."

लीलाबाई वळली.

"ॲम्बुलन्समंदी होतो आमी. ती सिरियस लिवून राह्यली होती. मी म्हटलं, तसं नको लिवू. हार्डली लिव. कोनी इचारलं तं तसंच सांग म्हटलं." रत्नमालाने श्वास घेतला. "मले मालूम होतं त्याचा अर्थ. माही आई भेते, म्हटलं तिले. लय भेते."

घासून ठेवलेलं वाक्य कुठे गेलं ते लीलाबाईला कळलं नाही. उलटलेल्या बसमधून काढलेल्या, पाय चेंदून निघालेल्या पोरीला त्या घटकेला एवढंच आठवलं होतं. आणि आई भिते हे तिला माहीत होतं. भांडी पुन्हा धुणारे हात, पिशवीत न मावणारा चिवडा, लहानपणापासून सगळं पाहून पोरीने ते ओळखून ठेवलं होतं आणि कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"तुले लागलं तवा तू माहं भेव पाहत होती?" ती शेवटी म्हणाली.

रत्नमालाचे डोळे मिटत होते. मग ते उघडले आणि तिने आईचं मनगट धरलं.

"आता मलेच भेव लागते, आई."

लीलाबाईला सवयीने म्हणायचं होतं, काही नाही होत, भिऊ नको. ती तसं म्हणाली नाही.

"मलेही लागते," ती म्हणाली. "लागू दे. मी येथंच आहो."

संध्याकाळी आनंदरावने व्हरांड्यातून श्यामराव गुरुजींना फोन करून सगळं सांगितलं. तो शब्द पोरीनेच लिहायला लावला होता, हेही सांगितलं. गुरुजी म्हणाले, तिला सांगा, शब्द बरोबर वापरला. आणि लगेच म्हणाले, नको, ते नका सांगू. गुरुजींनी बरी हो म्हटलंय म्हणा.

आनंदराव आत आला तेव्हा रत्नमाला जागी होती. वॉर्डनबाई घरी जाऊन आंघोळ करून परत आली होती. पट्टीखालचं तिचं कपाळ अजून सुजलेलं होतं. तिच्या हातात तेलाची बाटली आणि कंगवा होता. रिताने सांगितलं, पोरीच्या केसांत काचा आणि रक्त अडकलं होतं. ही बाई काल एका हाताने एकेक बट सोडवत बसली होती. अर्धे केस राहिलेत.

खाटेजवळ येऊन वॉर्डनबाई थबकली. पोरीची आई आता आली होती. तिने लीलाबाईकडे पाहिलं आणि कंगवा तिच्यापुढे धरला.

लीलाबाईने तो घेतला नाही. ती उठली, स्टूल खाटेला टेकवून ठेवलं आणि वॉर्डनबाईला खांद्याला धरून त्यावर बसवलं. मग स्वतः उशीजवळ बसून तिने लेकीचं डोकं दोन्ही हातांनी हळूच उचललं, आणि ती बाई विंचरू लागली तसं हलू न देता धरून ठेवलं.